दुसऱ्याच्या मापाचा करगोटा



कीर्तनात श्रोते पेंगू लागले की त्यांना जागे करण्यासाठी आम्हा कीर्तनकारांकडे ठेवणीतले काही विनोद असतात. माझ्याकडे एक चित्रकाराचा होता. तो बहुतेकांना माहीत आहे. एक गृहस्थ चित्रांच्या प्रदर्शनाला जातो. समोर कोरा कागद चौकटीत लावलेला. चित्रकार म्हणतो, "गाय गवत खाते आहे." "गवत कुठे आहे?" "गाईने खाल्ले." "मग गाय कुठे आहे?" "गवत संपल्यावर ती कशाला थांबेल?" एवढे सांगून मी टाळकऱ्यांकडे बघायचो, मृदंगावर एक थाप पडायची आणि मंडप हसायचा. पुढे मी मायेच्या निरूपणाकडे वळायचो. जग असेच आहे, गवतही नाही आणि गाईही नाही, फक्त चौकट! दृष्टांत चांगला बसायचा. चाळीस वर्षे चालला.

२०१६ साली गळ्याने साथ सोडली आणि मी कीर्तन थांबवले. आता गोरेगाव पूर्वेला पांडुरंगवाडीजवळ मुलाकडे असतो. वस्तीचे नाव पांडुरंगाचे आहे, तेवढाच आधार. सकाळी हरिपाठ, दुपारी थोडे वाचन, संध्याकाळी कोणी विद्यार्थी आला तर चाली सांगणे, असा दिवस जातो.

नात तेव्हा बारावीला होती. तिने सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला जायचे ठरवले होते. मुलाच्या मनात इंजिनिअरिंग होते. घरात आवाज चढत नव्हते, पण जेवताना कोणी बोलत नव्हते. हे जास्त वाईट. शेवटी मुलगा मला म्हणाला, "अप्पा, तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकेल." माझे मत त्याच्यासारखेच होते. चित्रे काढावीत, रांगोळी काढावी, पण त्यावर आयुष्य टाकू नये. ज्या चित्रात देव नाही, कथा नाही, पाहणाऱ्याला दोन क्षण शांती नाही, त्यासाठी एवढी वर्षे कशाला घालवायची? मी तिला बोलावले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आबा, तुम्ही म्हणाल ते मी करीन. पण आधी एकदा माझ्याबरोबर चला. मग सांगा."

ही अट मला टाळता येईना. कारण मी स्वतः शेकडो वेळा मंडपात उभा राहून सांगितले होते की पंढरीला न जाता पंढरीविषयी बोलू नका.

जानेवारी २०२० मधली ती गोष्ट. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या आजवरच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. आता हार्बरची गाडी गोरेगावहून थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते. वेळ लागतो, पण गाडी इथूनच सुटत असल्यामुळे म्हाताऱ्याला बसायला जागा मिळते. पुढे टॅक्सीने रीगलजवळ उतरलो.

ही इमारत म्हणजे सर कावसजी जहांगीर हॉल, १९११ सालचा. आमच्या तरुणपणी सभा-समारंभांचा हॉल म्हणूनच त्याचे नाव कानावर होते. त्याच्या आतला भाग नव्याने बांधून १९९६ साली तिथे संग्रहालय सुरू झाले. आत गेल्यावर गोल जिने आणि एकावर एक अर्धगोल मजले आहेत, सर्वांत वर घुमट. मी सवयीने हलकेच खाकरून पाहिले, आवाज कसा फिरतो ते. नातीने डोळे मोठे केले. पण सांगतो, जागा कीर्तनाला चांगली आहे.

आता मुख्य गोष्ट. मी कोऱ्या कागदाच्या तयारीने गेलो होतो. समोर माणसे होती.

'इराणी रेस्टॉरंट' नावाचे १९७७ सालचे चित्र, 'ट्रेन' नावाचे १९८० चे, 'ओव्हरब्रिज' १९८१ चे. या नावांतच आमची अर्धी मुंबई आली. पटवर्धनांच्या त्या काळातल्या चित्रांतला माणूस जड असतो. त्याचे हात, मांड्या, खांदे सगळे वजनदार, जणू दिवसभराचे ओझे उतरवले तरी अंगातून गेलेले नाही. तो कोणाकडे पाहून हसत नाही, दुःखाचा आव आणत नाही. नुसता असतो. मी एका चित्रासमोर उभा राहिलो आणि माझ्या तोंडून निघाले, "हा तर शेवटच्या रांगेतला!"

नातीला कळले नाही. तुम्हाला कळावे म्हणून थोडे मागे जातो.

आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे शिकून मी १९७१ साली मुंबईत आलो. जोग महाराजांनी १९१७ साली लावलेले ते झाड. तिथे मिळालेल्या पाठांतरावरच मी आयुष्यभर जगलो. मुंबईत माझी पहिली कीर्तने गिरणगावातल्या चाळींत झाली, लालबाग, परळ, डिलाईल रोड. श्रोते सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे आणि कोकणातले गिरणी कामगार. एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारी माणसे. दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची. आमचे कीर्तन नवाला उभे राहिलेले असायचे. अकरानंतर ही माणसे एकेक करून मागून येऊन बसायची. डोक्यात कापसाची पिंज, अंगावर तेलाचा वास. पुढच्या रांगेतली मंडळी टाळ्या द्यायची, विठ्ठल विठ्ठल म्हणायची. शेवटच्या रांगेतली काही करायची नाहीत. हात मांडीवर टाकून बसायची. कीर्तनकाराला उभ्या जागेवरून सगळे दिसते. कोण झोपला, कोणाचे चित्त घरी आहे, कोण पाठांतर तपासतो आहे. पण त्या शेवटच्या रांगेचे काय चालले आहे, हे मला कधी उमगत नसे. ती माणसे ऐकत होती की नुसती बसली होती? काला झाल्यावर मात्र पाया पडायला हीच माणसे सर्वांत आधी यायची आणि न बोलता जायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पुढे काय झाले ते गिरणगावाने भोगले आहे. मी माझ्या बाजूने एवढेच सांगू शकतो की त्या वर्षाच्या सप्ताहात शेवटची रांग नव्हती. पुढच्या वर्षी मधली नव्हती. कोणी गावाला परतले, कोणी भाजी विकू लागले, कोणी कुठे गेले ते कळलेच नाही. काही मंडळांनी सप्ताह बंद केले. नंतर मला बोलावणी उपनगरांतून येऊ लागली, माझे चांगले चालले. पण ती माणसे पुन्हा कधी दिसली नाहीत.

ती मला त्या घुमटाखाली दिसली. तशीच बसलेली, तेच हात. कोणीतरी त्यांच्याकडे इतका वेळ पाहत होते, हे मला त्या दिवशी कळले.

पाहण्यावरून एक सांगतो. पंढरीत आषाढीला आपण पदस्पर्शाच्या रांगेत किती तास उभे राहतो! आणि पायांवर डोके ठेवले न ठेवले तोच पुढे सरकवतात. त्या एका क्षणासाठी सगळी वारी, यात वारकऱ्याला काही वावगे वाटत नाही, कारण तो क्षण वर्षभर पुरतो. पण खरे सांगायचे तर माझ्या मनात नेहमी एक हौस राहिली, की एकदा कोणी 'चला, चला' न म्हणता उभे राहू द्यावे. इथे कोणी सरकवत नव्हते. मी एका चित्रासमोर बराच वेळ उभा होतो, मग रखवालदाराने स्वतःची खुर्ची पुढे केली. तो सोलापूरकडचा निघाला. त्याने विचारले, "महाराज, माळकरी ना? इकडं कसं?" मी म्हटले, "दर्शनाला." तो हसला. मी गंमत केली नव्हती.

वरच्या मजल्यांवर जायला गुडघे तयार नव्हते, पण गेलो. नात पाट्या वाचून दाखवत होती आणि चित्रकाराची माहिती सांगत होती. पटवर्धन १९४९ साली पुण्यात जन्मले. लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाले आणि १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. दिवसा माणसांच्या हाडांचे फोटो पाहायचे आणि उरलेल्या वेळात चित्रे काढायची. हे ऐकल्यावर मी जिन्यातच थांबलो. आपल्याकडे सावता महाराजांनी मळा सोडला नाही, गोरोबाकाकांनी चाक सोडले नाही, सेना महाराजांनी धोपटी सोडली नाही. कामातूनच पाहणे आले. ज्याने रोज माणसाला आतून पाहिले, त्याच्या चित्रातली माणसे अशी वजनदार का, याचे उत्तर मला तिथे मिळाल्यासारखे वाटले. हे माझे अनुमान. चित्रकाराला विचारलेले नाही.

तरी एक सांगून ठेवतो. मी त्यांना वारकरी ठरवणार नाही. आपल्याकडे ही खोड आहे, कोणी चांगले केले की त्याच्या गळ्यात माळ घालून मोकळे व्हायचे. पटवर्धनांच्या विचारांवर डाव्या चळवळीचा संस्कार आहे, हे त्यांनी लपवलेले नाही. त्यांच्या चित्रांत देव नाही. विटेवर कोणी उभा नाही. मी त्या जागी देव शोधत होतो आणि मला माणूस सापडला. आता माणसातच देव आहे असे म्हणून मी हे वाक्य गोड करू शकतो, कीर्तनात केलेही असते. पण त्या चित्रांसमोर तसे म्हणवले नाही. तो माणूस दमलेला होता. त्याला देव म्हटल्याने त्याचा थकवा कमी होत नव्हता.

नातीने विचारले, "मग आबा, शांती मिळाली का?" माझाच प्रश्न तिने मला परत दिला. शांती मिळाली नाही. अस्वस्थ झालो. पण आपल्या संतांनीही काही सगळे शांत करण्यासाठी म्हटलेले नाही. तुकोबांची गाथा जो पाठ करतो त्याला ठाऊक आहे, की कितीतरी ठिकाणी महाराज झोप मोडतात.

परतताना गाडीत तिने पिशवीतून एक पुस्तक काढले. त्यात लोअर परळवरच्या चित्राचा फोटो होता. चित्र २००१ सालचे. गिरण्यांचा तो जुना भाग आणि त्यावर उगवणारी नवी मुंबई. मी बोट ठेवून चाळी शोधत बसलो, ही कोणती असेल, ती कोणती असेल. नात म्हणाली, "आबा, हा नकाशा नाही." पण मला तो नकाशाच होता. माहीमपासून अंधेरीपर्यंत मी तिला कोणत्या चाळीत कोणते कीर्तन केले, कुठे पाऊस आला आणि मंडप गळला, कुठे विणेकऱ्याला ताप भरला तरी त्याने वीणा खाली ठेवली नाही, ते सांगत होतो. शेजारचे दोघे कानातल्या वायरी काढून ऐकू लागले. चार वर्षांनी माझे कीर्तन झाले म्हणायला हरकत नाही.

मग मी तिला कोऱ्या कागदाचे विचारले. ती चित्रे कुठे आहेत, ज्यांत काहीच नसते? तिने वासुदेव गायतोंडे यांचे नाव सांगितले. १९२४ साली नागपुरात जन्मलेले, २००१ साली गेले. त्यांच्या चित्रांत वस्तू नाही, आकृती नाही, फक्त रंगाचा विस्तार. तिने फोनवर एक दाखवले. मी पाहिले. निर्गुणावर मी तासतास बोललो आहे, तेव्हा मला ते आवडायला हवे होते. पण माझा पिंड सगुणाचा. गायतोंडे माझ्यापर्यंत अजून पोचलेले नाहीत. गाईगवताचा विनोद मात्र मी विद्यार्थ्यांना शिकवायचे सोडले. त्यात आता मलाच हसू येत नाही.

या सगळ्यात मला वारंवार नरहरी सोनारांची कथा आठवत होती. नरहरी महाराज शिवाचे एकनिष्ठ भक्त. पंढरपुरात राहूनही विठ्ठलाचे तोंड न पाहणारे. एका सावकाराने नवस फेडण्यासाठी विठ्ठलाला सोन्याचा करगोटा करायला सांगितला. माप सावकाराने आणून दिले. नरहरी महाराज कसबी सोनार, त्यांनी मापाबरहुकूम दागिना घडवला. तो बसला नाही. पुन्हा माप आणले, पुन्हा घडवला, पुन्हा कमीजास्त. शेवटी ते डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः मंदिरात गेले. हाताने चाचपले तर शंकर लागला, पट्टी काढली तर विठ्ठल. पुढची कथा तुम्हाला मुखोद्गत आहे. आम्ही ती हरिहर ऐक्यासाठी सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात एक बारीक गोष्ट आहे, जिच्यावर मी कधी थांबलो नव्हतो. सोनाराच्या कसबात काही उणे नव्हते. त्याने माप चुकवले नाही. माप दुसऱ्याने आणलेले होते. नव्या चित्रकलेचे माझ्याकडचे माप असेच विनोदांतून आणि वर्तमानपत्रातल्या लिलावाच्या बातम्यांतून आलेले होते.

लिलावाच्या बातम्यांवरून आठवले. त्या जगातल्या काही गोष्टी मला आजही पटत नाहीत. चित्रातला कामगार ते चित्र कधी घेऊ शकणार नाही. बहुतेक वेळा पाहायलाही येणार नाही, कारण त्याला रविवारी एवढ्या लांब येऊन अशा इमारतीत पाऊल टाकायचा धीर होत नाही. मला माळ होती, वय होते आणि बरोबर नात होती, तरी दारात क्षणभर थबकलो. आपला मंडप रस्त्यावर असतो, कोणीही येऊन बसतो. हा फरक मोठा आहे. नातीला हे बोललो तेव्हा तिने सांगितले की पटवर्धनांनीच २००८-०९ मध्ये 'विस्तारणारी क्षितिजे' नावाचे समकालीन भारतीय चित्रकलेचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातल्या गावोगावी नेले होते. नागपूर, सोलापूर, कोल्हापूर, नाशिक अशा ठिकाणी. म्हणजे चित्रांची दिंडी निघाली होती तर! मुक्काम करत, माणसांच्या दाराशी जात. सोलापूरच्या त्या रखवालदाराला हे सांगायला हवे होते.

रात्री जेवताना मुलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "तिला जाऊ दे." तो म्हणाला, "आणि पोटाचं काय, अप्पा?" हा प्रश्न खरा होता आणि चित्रे पाहून तो सुटलेला नव्हता. मीही आयुष्यभर बिदागी ठरवून घेतली नाही. घर चालले ते बायकोच्या शिवणकामावर, हे या घरात सर्वांना माहीत आहे. मी नातीला म्हटले, डॉक्टर पटवर्धनांसारखा एक धंदा हातात ठेव. ती म्हणाली, तीस वर्षे दोन नोकऱ्या केल्यासारखे करायचे का? वाद दोन दिवस चालला. शेवटी तिने उपयोजित कलेचा अर्ज भरायचे कबूल केले, म्हणजे जाहिरात, छपाई असे काही काम मिळेल. हा आमच्या घरातला तह. तह म्हणजे दोघांनीही थोडे सोडलेले असते, तसेच हे.

त्यानंतर दोन महिन्यांत टाळेबंदी आली. प्रवेश-परीक्षा सगळेच पुढे गेले. मे महिन्यात दूरदर्शनवर नाशिकच्या रस्त्याने पायी चाललेली माणसे दाखवत होते. डोक्यावर बोजा, कडेवर मूल, पायात कधी चप्पल तर कधी नाही. आम्ही वारकरी चालण्याची भाषा जाणतो. अठरा-वीस दिवस चालतो, मुक्कामाला पाणी मिळते, पिठले-भाकरी मिळते, पाय चेपायला कोणीतरी असते आणि पुढे पंढरी असते. या माणसांपुढे काय होते? घरातली मंडळी हळहळून चॅनेल बदलत होती. मला बदलवेना. मी त्यांचे खांदे पाहत होतो. जानेवारीत पाहिलेले ते खांदे नसते, तर मलाही तो एक लोंढाच दिसला असता.

त्या वर्षी माउलींच्या पादुका एसटी बसने पंढरीला गेल्या, मोजक्या मंडळींसह. १ जुलैला आषाढी झाली. इतक्या वर्षांत प्रथमच मी आषाढीला पंढरीत नव्हतो, गोरेगावात खिडकीपाशी बसलो होतो. पाऊस होता. नात समोर कागद घेऊन बसली होती. बातम्यांतला एक माणूस तिच्या मनात राहिला होता, मैलाच्या दगडावर टेकलेला, तो ती काढत होती. बराच वेळ तिने काही विचारले नाही. मग कागद माझ्याकडे वळवला. चेहरा छान साधला होता. मी पाहत राहिलो आणि म्हटले, "हा अजून दमलेला नाही. खांदे खाली हवेत."

तिने खोडरबर घेतला.